न मारलेली किक

म्हात्रेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कंपनीच्या बसच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून एकेका नटाला बोट लावून पाहत होते. मला वाटलं, ड्रायव्हर असतील. बस कधी सुटणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मला काय म्हाईत? ड्रायव्हर चा प्यायला गेलाय." मग उठले, रुमालाला हात पुसले, बसमध्ये चढून संकटकाळी बाहेर पडायच्या दाराची कडी दोनदा वर-खाली करून पाहिली आणि तिच्याच शेजारच्या सीटवर बसले.

पेणहून रोह्याजवळच्या धाटावला कामगार नेणारी ती बस. मी तिथल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते, आणि म्हात्रेकाका त्याच कंपनीचा बॉयलर सांभाळायचे. पुढची एकोणीस वर्षं आम्ही त्या बसने जा-ये केली. ते निवृत्त झाल्यावरही संबंध सुटला नाही, कारण पेणला त्यांचं घर आमच्या मागच्याच आळीत होतं. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

त्यांचं नाव हिराजी. पण कंपनीत सगळे त्यांना 'थांबा' म्हणत. कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द तोच. "थांबा जरा." कोणी शिडीवर पाय ठेवला, थांबा जरा. कोणी व्हॉल्व्हला हात लावला, थांबा जरा. सकाळी ते बसकडे येताना दिसले की मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणायचं, "थांबा आला, ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरून घ्या." म्हात्रेकाका हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. बसमधली माणसं मोजायचे. संध्याकाळी परतताना पुन्हा मोजायचे, आणि एखादं कमी भरलं तर तो माणूस ओव्हरटाइमला थांबलाय हे कळेपर्यंत बस सोडू द्यायचे नाहीत.

अंगानं ते बारीक, काळे, काटक. वडील खाडीकडच्या मिठागरावर राबलेले. लहानपणी स्वतः काकांनीही मीठ ओढलं होतं, त्यामुळे तळवे कायमचे भेगाळलेले. हातातल्या पिशवीत दोन टॉर्च असायचे, एक बंद पडला तर दुसरा. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा टाकला, तर बाहेर बसायच्या ऐवजी ते थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. गॅसच्या नळीकडे बघत होते. चहा प्यायले, पण जीव नव्हता त्या पिण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये माझ्या हातात कागदात गुंडाळलेली नवी नळी ठेवली. "आजच बदला, मॅडम," एवढंच बोलले.

बॉयलरची एक गोष्ट कंपनीत सगळ्यांना पाठ होती. वार्षिक दुरुस्ती होऊन बॉयलर पेटवायचा दिवस होता. सगळं तपासून झालं होतं, कागदावर सह्या झाल्या होत्या. म्हात्रेकाका म्हणाले, सेफ्टी व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं उघडून बघत नाही तोवर पेटवणार नाही. मॅनेजर खाली आले, ओरडले, प्लँट थांबलाय म्हणाले. काका स्टुलावर चढले आणि व्हॉल्व्ह खोलायला बसले. साडेतीन तास लागले. त्यात काहीही बिघाड निघाला नाही. त्यांना मेमो मिळाला. मी लॅबमधून मुद्दाम त्यांना भेटायला गेले, वाटलं, खट्टू झाले असतील. ते मेमोची घडी घालून खिशात ठेवत होते. म्हणाले, "नव्हतं ना काय? मग बरं झालं की."

त्यांची बायको, सुमनकाकू, याच्या अगदी उलट. मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी. ती सांगायची, "आमच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतोय आणि ह्यो नवरदेव मुंडावळ्या बांधून मांडवाचे खांब हलवून बघतोय. माझा बाप म्हणाला, पोरगी कुठं देतोय मी." मला हे सगळं गमतीचं वाटायचं. माणसाचा स्वभाव असतो एकेक, असं मी धरून चालले होते.

ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या दारात एक टेंपो येऊन उभा राहिला. रोह्याकडच्या निडी गावाहून आला होता. टेंपोत वालाची अर्धी गोण होती आणि तिच्या शेजारी दोरखंडानं बांधलेली एक जुनी फटफटी. साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, पूर्वी पाटील-सावकारांकडे असायची तशी. गंजून तांबडी झालेली, टाकीवर कोंबड्यांची शीट, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. टेंपोवाल्यानं निरोप दिला: शांतारामभाऊंनी सांगितलंय, आता तुला वेळ हाय, चालू कर.

म्हात्रेकाकांनी वालाची गोण उतरवून घेतली. फटफटी परत न्यायला सांगितली. टेंपोवाल्याला भाडं एकाच फेरीचं मिळालं होतं. त्यानं ती अंगणात उतरवली आणि निघून गेला. काकांनी तिच्यावर ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या, आणि महिनाभर ते अंगणातून जाताना त्या बाजूला बघायचेही नाहीत.

त्या महिन्यात एकदा मी काकूंना विचारलं. काका बाजारात गेले होते. काकू वाल सोलत होत्या. त्यांनी मला जे सांगितलं ते हसत नाही सांगितलं.

लग्नाआधी म्हात्रेकाका पेणच्या एका गॅरेजमध्ये कामाला होते आणि तेव्हा त्यांना कोणी थांबा म्हणत नव्हतं. तेव्हा त्यांचा शब्द होता, 'आत्ता देतो'. तालुक्यात फटफटीचं इंजिन त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. कानानं टायमिंग लावायचे. म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, ते बसवायचे. पिस्टन वर येता येता, अगदी टोकाला पोचायच्या जरा आधी ठिणगी पडली पाहिजे. फार लवकर पडली तर स्फोट वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा ढकलतो आणि किकचा दांडा मारणाऱ्याच्या पायावर उसळून येतो. बाकीचे लोक हे मोजून लावत. म्हात्रेकाका डोळे मिटून लावत.

शांताराम त्यांचा जिवाभावाचा मित्र. निडीचा, घरची भातशेती, भाताच्या मागून वाल. पण गावाला तो माहीत होता कबड्डीसाठी. चढाईला गेला की दोघातिघांना हात लावूनच परत यायचा. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड व्हायच्या बेतात होती आणि रोह्याला त्यासाठी सामने होते. त्या दुपारी तो घाईघाईत गॅरेजवर आला. त्याची फटफटी नीट चालत नव्हती आणि सामना दोन तासांवर आला होता. हिराजी म्हणाले, आत्ता देतो. दहा मिनिटांत टायमिंग बसवून, झाकण लावून मोकळे झाले. शांतारामनं किक मारली. दांडा उलटा आला.

"लाकूड मोडल्यावानी आवाज झाला म्हणतात," काकू म्हणाल्या. "घोटा दोन ठिकाणी."

हाड वाकडं बसलं. शांताराम पुन्हा मैदानात उतरला नाही. त्यानं जो विचारील त्याला एकच सांगितलं, किक मारताना माझा पाय सटकला. गॅरेजमालकाला, डॉक्टरला, घरच्यांना, सगळ्यांना तेच. हिराजींना खरं काय ते माहीत होतं. आठवड्याभरात त्यांनी गॅरेज सोडलं, कंपनीत हेल्पर लागले, बॉयलरची परीक्षा दिली. फटफटी निडीच्या गोठ्यात गेली ती गेलीच. शांतारामनं ती चालवली नाही आणि विकलीही नाही. दोघांची मैत्री मात्र तशीच राहिली. भात झोडून झालं की काका निडीला जायचे, होळीला तो पेणला यायचा. त्या दुपारविषयी दोघांत एक अक्षर कधी निघालं नाही.

"पस्तीस वरसं," काकू म्हणाल्या. "आणि आता ही बया दारात आणून टाकलीय त्यानं. काय बोलावं, सांग गो तू."

महिन्यानंतर एका सकाळी मी गेले तर ताडपत्री निघाली होती. म्हात्रेकाका पाटावर बसून टाकी घासत होते.

पुढचं दीड वर्ष ते इंजिन मी जवळजवळ दर रविवारी पाहत आले. मला त्यातलं कळत नव्हतं, पण माणूस एवढ्या निगुतीनं काही करत असला की बघत राहावंसं वाटतं. पहिल्यांदा सगळं सुटं झालं. घमेल्यात रॉकेल घेऊन एकेक भाग धुतला, काकूंच्या जुन्या पातळावर ओळीनं मांडला, प्रत्येकाखाली चिठ्ठी. सिलिंडर आतून झिजला होता, खड्डे पडले होते. तो रोह्याच्या एका लेथवर नेऊन बोअर करून आणला. येताना मेमू गाडीत तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता, शेजारी जागा असूनही खाली ठेवला नाही. नवा पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगं. व्हॉल्व्ह तर त्यांनी बोटांनी गोल गोल घासून बसवले, आठ-आठ दिवस.

त्यांना सगळ्यात मोठी भीती होती ती गणपतीच्या कारखान्यांची. आमच्या आळीत चार कारखाने. मूर्ती घासायला लागले की प्लॅस्टरची पांढरी धूळ सगळीकडे. काका म्हणायचे, ही धूळ एकदा आत शिरली की संपलं. त्यांनी अंगणात बांबू रोवून चारी बाजूंनी ताडपत्री लावली आणि आत शिरताना पाय धुवायची सक्ती केली. मलासुद्धा.

इंजिन जोडून झालं. गाडी उभी राहिली. टाकीला काळा रंग, सीट नवी. काकू म्हणाल्या, आता मारा की किक. काका म्हणाले, ऑइल मुरू दे. चार दिवसांनी ऑइल मुरलं, तर गॅस्केटची शंका आली. पुन्हा हेड काढलं. गॅस्केट चांगलं होतं. पुन्हा बसवलं. मग पॉइंटची शंका. पॉइंट म्हणजे एकमेकींना टेकलेल्या धातूच्या दोन बारीक टिकल्या, त्या उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. ते कधी उघडतात हे बघायला काकांनी पतंगाचा पातळ कागद त्या दोन टिकल्यांच्या चिमटीत धरला. प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची एक तार आत सोडून पिस्टन किती वर आलाय ते मोजलं. इंजिन हातानं केसभर फिरवायचं, कागद हळूच ओढायचा, सुटला की तारेवर खूण करायची. दुसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा. मी एकदा मोजलं, माझ्यासमोरच त्यांनी ते अकरा वेळा केलं.

इंजिन पाच वेळा खोललं गेलं आणि पाच वेळा जोडलं गेलं. आठ महिने गाडी तयार होती. आठ महिन्यांत त्यांनी तिला एकदाही किक मारली नाही. शेजारच्या कारखान्यातली माणसं येता-जाता विचारायची, काय काका, मूर्ती झाली, प्राणप्रतिष्ठा कधी? हळूहळू त्यांनीही विचारायचं सोडलं.

मग जानेवारीत शांतारामभाऊंचा फोन आला. मोडलेला घोटा गेली कित्येक वर्षं दुखत होता, आता चालणंच अवघड झालं होतं. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. सांध्यात स्क्रू घालून घोटा कायमचा जाम करायचा. दुखणं थांबेल, पण घोटा पुन्हा वळणार नाही. गुरुवारी दाखल व्हायचं होतं.

"रविवारी येतो," शांतारामभाऊ म्हणाले. "गाडी तयार ठेव. त्याच पायानं एकदा किक मारणार हाय. नंतर तो पाय किकेच्या कामाचा नाय ऱ्हाणार."

हे मला काकांनीच येऊन सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी ते हातात पेट्रोलची बाटली घेऊन आमच्या दारात उभे होते. पेट्रोलमध्ये पाणी आहे का ते तपासून द्या म्हणाले. मी बाटली उजेडात धरून पाहिली, स्वच्छ होतं. तरी ते गेले नाहीत. पाणी मागितलं, प्यायले, पेला हातातच धरून राहिले. मग म्हणाले, "मॅडम, त्याला यायला नको सांगितलं तर तो येणार. गाडी लपवली तर हसणार. काय करू?"

मी म्हटलं, तुम्ही आधी स्वतः मारून बघा. दोन दिवस आहेत.

"गेले आठ महिने रोज सकाळी ठरवतोय," ते म्हणाले. "पाय टाकतो दांड्यावर. आवाज ऐकू येतो."

पेला माझ्या हातात देऊन ते निघाले.

शनिवारी ते दिवसभर काहीतरी शिवत बसले होते. बॉयलरवर घालायचे चामड्याचे जुने हातमोजे त्यांनी उसवले होते. दोन थर, मध्ये बांबूच्या कामट्या, मागे बांधायला नाड्या. नडगीपासून पावलापर्यंत झाकेल असं ते काहीतरी होतं. काकू माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवत होत्या. त्या दिवशी त्यांच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

रविवारी दहाच्या सुमारास शांतारामभाऊ आणि त्यांची बायको स्टेशनवरून रिक्षानं आले. मी आधीच काकूंपाशी जाऊन बसले होते. शांतारामभाऊंना मी तेव्हा प्रथमच पाहत होते. रुंद खांदे, पांढरी मिशी, हातात काठी. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. त्यांनी फटफटीभोवती एक चक्कर मारली, टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लई देखणी केलीस, हिरा." काकूंनी पाण्याचे तांबे आणले. दोघी बायका ओट्यावर बसल्या. शांतारामभाऊंनी काठी भिंतीला टेकवली आणि गाडीकडे निघाले.

म्हात्रेकाका मध्ये आले. "थांब," म्हणाले. "आधी मी."

त्यांनी पेट्रोल सोडलं. कार्बोरेटरची कळ दाबली, पेट्रोल ठिबकेपर्यंत. चावी फिरवली. दांडा हलकेच दाबत दाबत पिस्टन टोकाला आणला, हेडलाइटवरच्या, करंट दाखवणाऱ्या काट्याकडे बघत. मग पाय उचलून दांड्यावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. कारखान्यात कोणीतरी घासत होतं तो आवाज येत होता. मी काकूंचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही.

त्यांनी किक मारली.

काही झालं नाही. सायलेन्सरमधून नुसतं फुस झालं. त्यांनी पुन्हा पिस्टन वर आणला, पुन्हा मारली. फुस. तिसरी, चौथी. सहाव्या किकेला मागून एक फट्ट आवाज आला आणि थोडा धूर. दहाव्या किकेनंतर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते प्लग काढून बघायला वाकले, प्लग स्वच्छ, ठिणगी निळी, सगळं बरोबर. पुन्हा मारली. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. गाडी चालू होत नाही याची भीती त्यावर होती, आणि सुटका झाल्याची एक खूणही होती. ती सुटका त्यांनाही जाणवत होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती.

शांतारामभाऊ एवढा वेळ नुसतं बघत होते. ते म्हणाले, "हिरा, टायमिंग मागं ठेवलंस."

म्हात्रेकाकांनी पाय दांड्यावरून खाली घेतला.

"लई मागं ठेवलंस. किक उलटी येऊच नये म्हणून ठिणगी उशिरा पाडतोस. अशी ती वरीसभर मारलीस तरी चालू नाय व्हणार. पुढं घे."

"नको," काका म्हणाले.

शांतारामभाऊ विटांच्या ढिगावर बसले, पाय लांब केला. "ऐक," ते म्हणाले. "त्या दिशी तुझं टायमिंग पुढं गेलं व्हतं. माझा पाय सटकला नव्हता. मला त्याच घटकेला कळलं व्हतं. मी कुणाला बोललो नाय, तुला बी बोललो नाय. मला वाटलं, मित्राला सांभाळला. ती माझी चूक झाली. तेव्हाच तुला दोन शिव्या घातल्या असत्या तर तू चार दिस रडला असतास आणि मोकळा झाला असतास. तुझं चुकलं व्हतं, हिरा. आज बोललो. संपलं. आता पुढं घे."

म्हात्रेकाका गाडीच्या पलीकडे खाली बसले. बराच वेळ आम्हाला फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि काकूंकडे हात केला. पतंगाचा कागद हवा होता. काकूंनी नेऊन दिला.

कागद त्यांच्या बोटांत राहीना. दोनदा फाटला. शेवटी शांतारामभाऊ सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि कागद त्यांनी धरला. काका इंजिन केसभर फिरवायचे, शांतारामभाऊ कागद ओढायचे आणि म्हणायचे, "नाय... नाय... सुटला." काकांनी प्लेट सरकवली, स्क्रू आवळला, झाकण लावलं. सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील. या वेळी त्यांनी ते दुसऱ्यांदा तपासलं नाही.

उठले. पिस्टन टोकाला आणला. काट्याकडे बघितलं, आणि मग डोळे घट्ट मिटून घेतले. किक मारली.

पहिल्या फटक्याला इंजिनानं पकडलं. एक जाड, सावकाश आवाज अंगणात भरला, धग, धग, धग, प्रत्येक ठोका सुटा. ताडपत्री थरथरायला लागली. कारखान्यातली घासाघीस थांबली आणि भिंतीवरून दोन पांढरी डोकी वर आली. म्हात्रेकाका एका पायावर उभे होते, दुसरा अजून दांड्यावरच. डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा आपल्या पायाकडे पाहिलं.

शांतारामभाऊंनी पुढे होऊन चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"आता मी," ते म्हणाले.

काकांनी कनवटीला लपवल्यासारखं शर्टाखालून ते चामड्याचं शिवलेलं काढलं. शांतारामभाऊंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. हसतील असं मला वाटलं. पण ते हसले नाहीत. पाय पुढे करून म्हणाले, "बांध." काकांनी खाली बसून एकेक नाडी बांधली, गाठी ओढून बघितल्या. मग उठून हँडल दोन्ही हातांनी धरून समोर उभे राहिले, जणू गाडी पळून जाईल. शांतारामभाऊ डाव्या पायावर तोलून चढले. उजवा वाकडा पाय दांड्यावर ठेवताना त्यांच्या तोंडातून कण्हणं निघालं. त्यांची बायको उठून उभी राहिली. "अवो, जपून," म्हणाली, आणि पुन्हा बसली.

पहिली किक अर्धवट पडली. दुसरीला त्यांनी सगळं अंग वर उचललं आणि खाली टाकलं. चढाईला जाणारा माणूस कसा उसळत असेल ते मला तेव्हा कळलं. इंजिन चालू झालं.

म्हात्रेकाकांनी हँडल सोडलं नाही. इंजिनाच्या आवाजात ते मोठ्यानं विचारत होते, "पाय? शांताराम, पाय?"

"जाग्यावर हाय," शांतारामभाऊ म्हणाले.

मग म्हात्रेकाका बाजूला झाले, ताडपत्रीच्या आड गेले आणि तिथे उलटी केली. काकू पाणी घेऊन मागे गेल्या. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. सगळ्यांनी मिळून वालाचं बिरडं आणि भात खाल्ला. काका दोन वेळा भात घेऊन जेवले.

गुरुवारी ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी शांतारामभाऊ काठीशिवाय चालायला लागले, पाय खुंटासारखा टाकत, पण दुखत नव्हतं. फटफटी पेणलाच राहिली. ती न्यायची गोष्ट कोणी काढली नाही. म्हात्रेकाकांमध्ये फार मोठा बदल झाला असं मी म्हणणार नाही. बाहेर निघताना कुलूप ते पूर्वीसारखंच तीनदा ओढून बघायचे, आणि माझ्या मुलीच्या लग्नात आलेल्या बसचे नट त्यांनी तपासलेच. वर्षभरानं ते छातीच्या दुखण्यानं गेले. फार दिवस अंथरुणावर नव्हते.

त्यांना गाडीवर मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन महिने आधी. मी एसटीनं रोह्याला चालले होते. नागोठणं सोडून बस भिसे खिंडीच्या चढाला लागली होती, वळणावर अगदी पायी चालल्यासारखी. कठड्याच्या कडेला ती काळी फटफटी उभी दिसली. मागच्या सीटवर शांतारामभाऊ, जाम झालेला पाय बाहेर काढून, मांडीवर भाजीची पिशवी. म्हात्रेकाका गाडीवर बसले होते आणि मान मागे वळवून त्यांना काहीतरी सांगत होते. गोष्ट रंगात आली असावी, एक हात हवेत होता. मी खिडकीतून हाक मारली, बसच्या घरघरीत ती पोचली नाही. बस पुढे गेली, मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. ते अजून बोलतच होते. बोलता बोलता त्यांनी पाय उचलला आणि किक मारली. खाली पाहिलंसुद्धा नाही.